हेल्मेट कसं जपायचं आणि कधी बदलायचं : नवीन गाडीवाल्यांसाठी, साताऱ्याच्या रस्त्यांवरून

नवीन गाडी घेतली की पोरं सगळं विचारतात, पहिली सर्व्हिसिंग कधी, चेनला कुठलं ऑइल, टायरमध्ये हवा किती, पण हेल्मेटबद्दल कोणी एक प्रश्न विचारत नाही. एकदा घेतलं की ते फुटेपर्यंत नाहीतर चोरीला जाईपर्यंत तेच डोक्यावर. माझ्या भाच्याने यंदा गाडी घेतली, त्याला समोर बसवून जे सांगितलं तेच इथं सगळ्यांसाठी लिहितोय, कारण हायवेला कराडच्या बाजूला रोज जाणारी आपली कितीतरी पोरं आतून संपलेलं हेल्मेट घालून फिरतायत आणि बाहेरून ते चकचकीत दिसतंय.

आधी आत काय असतं ते बघा

हेल्मेटचं बाहेरचं कवच स्वस्तातलं असेल तर एबीएस प्लॅस्टिकचं, त्याच्या वरचं असेल तर पॉलिकार्बोनेट नाहीतर फायबरचं. त्याच्या आत थर्माकोलचा जाड थर असतो, कंपनीवाले त्याला ईपीएस म्हणतात. मग कापडी गादी, गालाचे पॅड आणि हनुवटीखालचा पट्टा. यातलं खरं काम तो थर्माकोल करतो. डोकं आपटलं की थर्माकोल चेपतो आणि चेपता चेपता धक्का स्वतः खातो, म्हणजे डोकं एकदम न थांबता जरा सावकाश थांबतं, फरक काही मिलिसेकंदांचाच पण मेंदूसाठी तोच सगळा फरक आहे. कवचाचं काम धक्का पसरवायचं, टोकदार दगड आत येऊ न द्यायचं आणि डांबरावरून न अडकता घसरत जायचं.

नवीन टीव्हीच्या खोक्यात थर्माकोल येतो ना, त्यावर अंगठा दाबून बघा. खड्डा पडतो आणि तसाच राहतो, परत फुगून वर येत नाही. हेल्मेटमधला जास्त घट्ट असतो पण जात तीच. म्हणून एका जागी एकदा चेपलं की त्या जागी पुढच्या वेळेला धक्का खायला काही उरत नाही. एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं निम्मं तुमचं तुम्हालाच सुचेल.

जपण्याआधी ते जपण्यासारखं आहे का बघा

मागच्या बाजूला आयएसआय मार्क शोधा. मार्कच्या वर आयएस ४१५१ असा नंबर पाहिजे आणि खाली सीएम/एल लिहून लायसन्स नंबर पाहिजे. तो खालचा नंबर मोबाइलवर बीआयएस केअर ॲपमध्ये (बीआयएस म्हणजे हा मार्क देणारी सरकारी संस्था) टाकला की कुठल्या कंपनीचं लायसन्स आहे, चालू आहे की बंद, ते दिसतं. नुसता मार्कचा स्टिकर बघून समाधान मानू नका, स्टिकर काय कोणीही छापतो. १ जून २०२१ पासून आपल्याकडे आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला, विकायलाच बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेली असतात ती असतातच. आणि बांधकामावरची पिवळी टोपी किंवा ती अर्धी वाटी घालून पोलिसाला चुकवता येईल, पण पडल्यावर ती डोक्यावरच राहत नाही.

मग माप. शिवणकामाची टेप भुवयांच्या वर बोटभर जागा सोडून डोक्याभोवती गोल फिरवा, ५८ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर साधारण मीडियम, ६० ला लार्ज, पण कंपनीप्रमाणे थोडं बदलतं म्हणून घालूनच बघा. नवीन हेल्मेट गालाला घट्ट लागलंच पाहिजे, गाल थोडे पुढं आल्यासारखे वाटले पाहिजेत, कारण वापरून गादी बसते आणि ते सैल होतं. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवलं तर कपाळाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे. पट्टा लावून कोणाला तरी मागून हेल्मेटची खालची कड धरून पुढं ओढायला सांगा, निघून आलं तर ते तुमचं माप नाही. आणि तेवढं दहा मिनिटं घालून बसा दुकानात, कपाळावर एकाच जागी दुखायला लागलं तर आकार बसत नाही, दुसरं मॉडेल बघा. दुकानदार घाई करत असेल तर करू दे.

रोजची सवय, इथंच निम्मी हेल्मेटं खराब होतात

आरशाला हेल्मेट अडकवायचं बंद करा. सगळेच करतात, मला माहितेय, कॉलेजच्या पार्किंगला एक लाईन बघा. पण आरशाचं टोक आतल्या गादीतून थेट थर्माकोलवर टेकतं, गाडी स्टँडवर हलली, बाजूच्याने धक्का मारला की तिथं खळी पडते, रोज त्याच जागी. सीटवर, टाकीवर ठेवणंही नको, घरंगळून खाली येतं. जमिनीवर सपाट ठेवा नाहीतर पट्ट्याने खुंटीला टांगा. गाडीच्या हुकाला लॉक करत असाल तर ते सायलेन्सरच्या बाजूला येत नाही ना बघा, तापलेल्या सायलेन्सरला टेकून कवच वितळलेली हेल्मेटं मी गॅरेजमध्ये बघितलीत.

उन्हात तासन् तास गाडीवर ठेवून जाऊ नका. सांगली-मिरजेकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला जातो, तिथं दुपारभर उघड्यावर तापणारं हेल्मेट वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर प्लॅस्टिक फिकट पडतं, कडक आणि ठिसूळ होत जातं. शक्य असेल तर ऑफिसात बरोबर न्या, लाजायचं काय त्यात.

गावाकडं गोठ्यात नाहीतर शेडमध्ये गाडी लावत असाल तर घालायच्या आधी हेल्मेट उलटं करून झटका आणि आत बघा. विंचू, गांधीलमाशी, कोळी, काहीही असतं आणि ते चालत्या गाडीवर कळणं फार वाईट.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेट्रोल लावू नका! गॅरेजमधला पोरगा गाडी पुसता पुसता मायेनं त्याच पेट्रोलच्या फडक्याने हेल्मेटपण पुसून देतो, त्याला तिथंच थांबवा. पेट्रोल, थिनर, रॉकेल, नेलपॉलिश काढायचं पाणी, असलं काहीही थर्माकोलला लागलं तर तो विरघळतो आणि कवचाला बारीक बारीक तडे जातात जे डोळ्यांना दिसतही नाहीत. याच कारणाने हेल्मेट रंगवायचं नाही, स्प्रेपेंट मारायचा नाही, सगळीकडून मोठाले स्टिकर चिकटवायचे नाहीत कारण गोंदातही तसलीच केमिकल असू शकतात. कॅमेरा नाहीतर ब्लूटूथ बसवायला ड्रिलने भोक तर अजिबात नको. पेट्रोल भरताना हेल्मेट काढून टाकीजवळ ठेवायची सवय असेल तर तीही मोडा.

काच

काचेवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या भागात जीव वाचतो किंवा जातो तो बऱ्याचदा काचेवर.

उसाचा सिझन साधारण दिवाळीच्या पुढंमागं चालू होतो तो मार्चपर्यंत, त्या काळात संध्याकाळी उंब्रज, कराड, इस्लामपूरच्या पट्ट्यात निघालात की काच पहिली किड्यांनी भरते आणि मग तिच्यावर ट्रॅक्टरची धूळ बसते. हे कोरड्या रुमालाने नाहीतर ग्लोव्हजने पुसलं की धुळीचे कण काचेवर घासतात आणि बारीक ओरखडे पडतात. दिवसा ते जाणवत नाहीत. रात्री समोरून ट्रकचा हेडलाइट पडला की प्रत्येक ओरखड्यावर उजेड फुटतो, सगळी काच पांढरी होते आणि त्या पांढऱ्यात पुढं मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर नसलेली उसाची डबल ट्रॉली उभी असते ती दिसतच नाही. नजर कमजोर झाली म्हणून डोळे तपासून येतात लोक, खरं तर काच बदलायची असते.

साफ करायची पद्धत अशी. जुन्या सुती बनियनचं फडकं पाण्यात भिजवून काचेवर पसरून ठेवा, दहा मिनिटं विसरा. वाळलेले किडे मऊ होतात आणि फारसं न घासता निघून येतात. मग काचेवर साधं पाणी ओता, बोटाने दोन थेंब शाम्पू हलका फिरवा, परत पाणी, आणि मऊ कोरड्या कापडाने टिपा. टिपा म्हणतोय, रगडू नका. काच म्हणतो आपण पण ते पॉलिकार्बोनेट आहे, घरातल्या खिडकीला मारायचे अमोनियावाले स्प्रे, स्पिरिट, सॅनिटायझर यातलं काही त्याला नको, वरचं कोटिंग निघतं. टूथपेस्टने ओरखडे जातात म्हणून व्हिडिओ फिरतात, टूथपेस्टमध्ये घासायची पूड असते, ती उरलंसुरलं कोटिंगपण काढते. सीटखाली एक पाण्याची छोटी बाटली आणि एक फडकं ठेवा, त्याने सगळं भागतं.

ओरखडे पडलेच असतील तर काच बदला, हेल्मेट नाही. बहुतेक चांगल्या कंपन्यांची काच वेगळी मिळते, साध्या हेल्मेटची दोन-चारशेत येते, फक्त मॉडेलचं नाव बघून घ्या. काळी काच दिवसा ठीक, रात्री नको, आणि सोनेरी, निळी चमकणारी तर रात्री मुळीच नको. काच उघडझाप करताना करकर वाजत असेल तर बिजागरीच्या जागी सिलिकॉन ऑइलचा एक थेंब पुरतो, इंजिन ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे मारू नका.

धुकं ही आपली दुसरी भानगड. यवतेश्वर घाट, कास, ठोसेघर, पसरणी घाटातून पाचगणी, पावसाळ्यात इथं बाहेरून पाऊस आणि आतून श्वासाची वाफ. काच अगदी एक खाच उघडी ठेवा, वरचे व्हेंट म्हणजे हवा जायची भोकं उघडी ठेवा, नाकाजवळचा छोटा पडदा आला असेल हेल्मेटबरोबर तर तो लावा. आतून भांड्याच्या साबणाचा अगदी पातळ हात मारून कोरड्या कापडाने पुसून घेतलं तरी थोडा वेळ वाफ धरत नाही. घाटात रोजचं जाणंयेणं असेल तर पिनलॉक बसणारी काच घ्या, आतून दुसरी पातळ काच बसते आणि मध्ये हवेचा थर राहतो, महाग आहे पण त्या धुक्यात दुसरं काही एवढं चालत नाही. आणि तरीही दिसत नसेल तर गाडी बाजूला घ्या.

आतली गादी धुणं

गादी निघणारी असेल तर बटणं सावकाश सोडवा, कुठला पॅड कुठं होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नाहीतर बसवताना डावा-उजवा गोंधळ होतो. कोमट पाण्यात लहान बाळाचा शाम्पू टाकून अर्धा तास भिजवा, हाताने दाबून दाबून मळ काढा, पिळू नका, फोम फाटतो. डिटर्जंट, ब्लीच, वॉशिंग मशिन नको. सावलीत पंख्याखाली वाळवा. हेअर ड्रायर नको, चुलीजवळ नको.

गादी न निघणारी असेल तर स्पंजवर शाम्पूचा फेस घेऊन आतून फिरवा, मग स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा, आणि तोंड खाली करून पण हवा लागेल असं ठेवा. रात्रभर बादलीत बुडवून ठेवायचं काही कारण नाही.

उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, बाकी दोन-तीन महिन्यांतून. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात काहीच वाळत नाही, तेव्हा उघडीप बघून धुवा, सकाळी धुतलं तर दुसऱ्या दिवशीची सोय आधी करा. भिजलेलं हेल्मेट डिकीत बंद करून ठेवलं की दोन दिवसात बुरशीचा वास येतो आणि एकदा आला की जाता जात नाही, पावसातून आल्याबरोबर आतून टिपून उघड्यावर ठेवा.

केसांना तेल लावून हेल्मेट घालणाऱ्यांनी खाली पातळ सुती कापड घालावं. तेल आणि घाम गादीत मुरून ती लवकर कुजते. पण पातळ म्हणतोय. टॉवेलची घडी, जाड टोपी, स्कार्फची मागं मोठी गाठ, असलं काही खाली असेल तर हेल्मेट डोक्यावर बसत नाही, वर तरंगतं. आमच्याकडं बायका-मुली स्टोल गुंडाळून त्यावर हेल्मेट घालतात, त्यांनी गाठ मानेच्या खाली घ्यावी. आणि नवीन हेल्मेट घेताना स्टोल बांधूनच माप बघावं.

पट्टा

थोडक्यात सांगतो कारण काम सोपं आहे आणि तरी होत नाही. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडल्यावर रस्त्यावर एकीकडं आणि डोकं एकीकडं. लावल्यावर हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील एवढाच सैल पाहिजे. क्लिपचं लॉक धुळीने अडकायला लागलं तर पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. लावल्यावर जोरात ओढून बघायची सवय ठेवा, झटक्याने सुटत असेल तर ते हेल्मेट वापरायचं नाही, मग थर्माकोल कितीही चांगला असू दे.

दर दोन-तीन महिन्यांनी हे तपासा

दिवसाउजेडी अंगणात बसा. कवचावर बोट फिरवत सगळीकडं बघा, केसासारखी रेघ दिसली तर नखाने चाचपून बघा, रंगाचा ओरखडा वरवर असतो, तड्यात नख अडकतं. दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंनी हळू दाबा, करकर आवाज येता कामा नये, चांगलं हेल्मेट थोडं दबतं आणि परत जागेवर येतं. मग गादी काढून थर्माकोल बघा, कुठं खळी, चीर, वेगळीच चकाकणारी चेपलेली जागा, हाताला पूड लागणं, कवचापासून सुटून मध्ये फट पडणं, यातलं एकही दिसलं तर झालं त्याचं. शेवटी पट्ट्याचे दोरे उसवलेत का आणि पट्टा जिथं कवचाला जोडलाय ते रिबिट हलतंय का बघा.

बदलायचं कधी

अपघात झाला आणि डोकं आपटलं, तर बदलायचं, चर्चाच नाही. बाहेरून फक्त खरचटलेलं दिसेल, आत थर्माकोल चेपलेला असतो आणि तो गादीच्या आड असतो. 'एवढं काही लागलं नाही' असं म्हणतात लोक, अहो लागलं नाही कारण ते त्याने खाल्लं, त्याचं काम एकदाच करायचं होतं आणि त्याने ते केलं.

हातातून रिकामं पडलं तर लगेच घाबरू नका. डोकं आत नसताना थर्माकोलवर आतून भार येत नाही, त्यामुळे सीटच्या उंचीवरून पडलेलं बहुतेक वेळा ठीक असतं, वर सांगितलं तसं तपासा आणि वापरा. पण दुसऱ्या मजल्यावरून पडलं, चालत्या गाडीवरून रस्त्यावर पडलं, वरून चाक गेलं तर ठेवू नका.

पाच वर्षं वापरलं की बदला. बऱ्याच कंपन्यांचा आणि स्नेल या अमेरिकेतल्या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचाही हाच सल्ला आहे. घाम, तेल, ऊन, गोंद जुना होणं, गादी बसून हेल्मेट सैल होणं हे सगळं मिळून पाच वर्षांत पुरतं काम करतं. रोज पन्नास-शंभर किलोमीटर करणाऱ्यांनी तर चार वर्षांतच नीट बघायला लागावं. बनवल्याचा महिना आणि वर्ष आतल्या स्टिकरवर नाहीतर पट्ट्याच्या चिठ्ठीवर असतं, घेतानाच बघा, दुकानात दोन-तीन वर्षं पडून असलेलं सवलतीत देतात ते स्वस्त का आहे हे कळेल. घेतल्याची तारीख पट्ट्याच्या चिठ्ठीवर पेनाने लिहून ठेवा, कवचावर मार्कर नको.

हेल्मेट डोक्यावर गोल फिरायला लागलं, गालाचे पॅड दबून गेले, तर आधी नवे पॅड मिळतात का बघा. मिळाले नाहीत तर हेल्मेट बदला.

२०१९ आणि २०२१ ला कृष्णेच्या पुराचं पाणी सांगलीत घराघरात शिरलं तेव्हा गाड्यांबरोबर हेल्मेटंपण दिवसेंदिवस पाण्यात होती. अशी हेल्मेटं धुऊन वापरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पुराच्या पाण्यावर डिझेल-पेट्रोलचा तवंग असतो, तो थर्माकोलला काय करतो ते वर लिहिलंच आहे, आणि गाळ गादीत बसतो तो वेगळाच.

सेकंडहँड हेल्मेट घेऊच नका, त्याचा इतिहास विकणाऱ्यालाच माहीत.

जुन्याचं काय करायचं

इथं मला खरंच कळकळीने सांगायचंय. नवीन घेतलं की जुनं मागं बसणाऱ्याला देतात, बायकोला, आईला, शाळेला जाणाऱ्या पोराला. जे आपल्या डोक्याला नको झालं ते घरच्यांच्या डोक्यावर कसं चालेल? मागं बसलेल्यालाही हेल्मेट कायद्याने लागतंच, मोटार वाहन कायद्याचं १२९ कलम चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला लागू आहे, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकरांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे, त्यांच्या मापाचं हेल्मेट, लेकराला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा बेल्ट आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. मोठ्याचं हेल्मेट लहान पोराच्या डोक्यावर ठेवलं तर ते मानेवर नुसतं ओझं होतं, वर डोळ्यांवर येतं. हजार-दीड हजारात आयएसआयचं चांगलं हेल्मेट येतं, पैसे एकदम होत नसतील तर आधी मागच्याचं घ्या, पुढच्या महिन्यात तुमचं.

जुनं भंगारवाल्याला तसंच देऊ नका, ते धुऊन-पुसून परत कुठल्यातरी टपरीवर विकायला येऊ शकतं. आधी पट्टा कात्रीने दोन्ही बाजूंनी मुळातून कापा, आतल्या थर्माकोलवर मार्करने मोठी फुली मारा, जमलं तर थर्माकोल मोडूनच टाका. काच चांगली असेल आणि नवीन हेल्मेट त्याच मॉडेलचं असेल तर ती आणि तिचे स्क्रू काढून डब्यात ठेवा, रात्री कधी काच तुटली तर कामाला येईल.